मायनसची बाजू

फटाक् आवाज झाला आणि खोलीभर खारट, जळका वास पसरला. अनुजाने आधी प्लग ओढला, मग चष्मा पुसला.

हातातला सारणाचा चमचा तसाच धरून शकुनताई आल्या. दारात थांबून त्यांनी खोल श्वास घेतला.

"अगदी तुझ्या बाबांसारखा वास केलास."

बाबा, म्हणजे गुरुदत्त, कोलकात्यात गार्डन रीचला रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीसाठी माइकचे आवाज जुळवणारा मिक्सर त्यांनी घरीच बनवला आणि दरवर्षी स्वतःच चालवला. ते फेब्रुवारीत गेले. परवा मिक्सरचा पॉवर सप्लाय जळला, तेव्हा मंडळाचे विनायककाका म्हणाले, "स्थापनेपर्यंत सुरू झाला तर ठीक. नाहीतर नवा आणू, हा भंगारात."

मिक्सरला प्लस बारा आणि मायनस बारा, असे दोन्ही व्होल्ट लागत. अनुजाने चांदनी बाजारातून व्होल्टेज स्थिर ठेवणारे दोन रेग्युलेटर आणले, एक प्लसचा, एक मायनसचा. ते वाचून-वाचून नीट जोडले. चुकला तो मायनसच्या बाजूचा कपॅसिटर. तिथे त्याचं प्लसचं टोक ग्राउंडला, म्हणजे शून्याला जातं. तिने सवयीने मायनसचं जोडलं आणि तो फुटला.

"बँकेत ऑफिसर ना तू? तिथे बरं प्लस-मायनस कळतं."

"शून्यसुद्धा मायनस बारापेक्षा मोठं असतं, आई. तेच विसरले."

"असू दे. त्यांनीही उडवला होता. वर छताला तो डाग दिसतोय ना? मला म्हणाले, पाल होती."

"आणि तुला पटलं?"

"त्यांना वाटलं, पटलं."

दोघी हसल्या. अनुजाने दुसरा कपॅसिटर घेतला, टोकं दोनदा तपासली, सोल्डरचा डाग दिला. प्लग लावून मीटर प्लसच्या बाजूला धरला. बारा. मग मायनसच्या बाजूला. उणे बारा.

"बघ, मायनसची बाजूही आली," ती म्हणाली. शकुनताई मीटरकडे बघत राहिल्या. मग सारण लागेल म्हणून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मंडळात मिक्सर लागला. विनायककाका "हॅलो, हॅलो" करून बाजूला झाले. भंगाराचं कुणी काढलं नाही. आरतीला सरोजकाकू सर्वांत पुढच्या माइकपाशी उभ्या राहिल्या आणि पहिल्याच ओळीला त्यांचा सूर निसटला. गर्दीतून शकुनताईंनी अनुजाकडे नुसतं पाहिलं.

अनुजाने मिक्सरवरचं काकूंच्या माइकच्या आवाजाचं बटण हळूच खाली ओढलं. बाबा दरवर्षी ओढायचे, तेवढंच.

काकू डोळे मिटून, समाधानाने गात राहिल्या.