समजा, पाणी घातलं

सविताची लेक सृष्टी नववीत होती आणि सकाळच्या धारा तीच काढायची. चाचणी जवळ आल्यापासून गाईच्या कासेखाली बसून ती भूमिती घोकायची, "सिद्ध करायचं त्याच्या उलट मानू. त्यातून विसंगती आली, तर मानलेलं खोटं." शेजारी वैरण टाकता टाकता सविता वैतागून म्हणायची, गाईला कशाला छळतेस?

त्या सकाळी काष्टीच्या अलीकडच्या वस्तीवर, डेअरीत, दूध मोजून घेणाऱ्या वाल्मिकनं सविताचं दूध मशीनला लावलं आणि रांगेदेखत सांगितलं, "वयनी, फॅट तीनच्या खाली हाय. पानी घातलं की फॅट उतरती. उद्यापास्नं तुमचं दूध घ्यायचं न्हाई."

सविताला दुसरी डेअरी मिळाली असती, पण पाणीवाली हे नाव एकदा चिकटलं की जन्मभर निघत नाही. शपथ घ्यावी, तर पाणी घालणारेही शपथा घेतात. तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"बरं. समजा, मी पानी घातलं."

"कबूल झाली गं बाई!" म्हाताऱ्या रंगुबाईनं तोंडाला पदर लावला.

"आवं थांबा, मला पुरं बोलू तर द्या! पानी घातलं, तर दूध पातळ हून डिग्रीबी उतरंल. व्हय का न्हाई, भावजी?"

"व्हय, उतरंलच."

"मग बघा."

वाल्मिकनं पाहिलं, पुन्हा पाहिलं. "एकोणतीस. रोजच्याहून कणभर जास्तीच."

"म्हंजी पानी न्हाई. पान्यानं फॅट उतरती, पन उतरली म्हंजी पानीच, आसं कुठंय? लोनी शेवटच्या धारांत जास्ती, त्या ऱ्हायल्या तरीबी उतरती."

माणूस सरळ होता. त्यानं तिथंच कान पकडले आणि दूध ओतून घेतलं.

बातमी सविताच्या आधी घरी पोचली होती. सृष्टी दारातच रडवेली उभी होती. "आई, चाचनी म्हनून घाई केली. शेवटच्या धारा तशाच सोडल्या, वासरू प्यालं. मार मला."

सवितानं तिला पोटाशी धरलं. स्वतः ती पाचवीनंतर घरीच बसली होती.

"तिथं माझ्या बाजूनं कुनी नव्हतं, पोरी. तुझी भूमिती हुती. लई उपकार झाले तुझ्या बाईंचे. त्यांस्नी सांग..." तिनं लेकीच्या केसातली वैरणीची काडी काढली. "न्हाई, ऱ्हाऊ दे. मीच येते."

लेकीच्या शाळेची पायरी कधी न चढलेली सविता साडी बदलायला आत गेली.