वरच्या कपाटाचं माप

गोपीचंद शेटने नमुन्याच्या कपाटाचं दार एका बोटाने उचललं आणि हात काढून घेतला. दार अर्ध्यातून आपोआप वर गेलं आणि तिथेच थांबलं. चतुराबाईने डोकं मागे घेतलं होतं. दार पडत नाही हे बघून ती स्वतःशीच हसली.

"आता तुम्ही करून बघा, बहनजी."

तिने दार ओढून खाली घेतलं, पुन्हा उचललं. चारपाच वेळा. दाराच्या दोन्ही अंगांना बोटाएवढ्या नळ्या होत्या. त्यातली दांडी आतबाहेर होताना हलका सुस्कारा ऐकू यायचा. असले पंप ठेवणारं हेच दुकान, असं मुंजाजी सुतार पुसेगावला काळीपिवळी जीपमध्ये बसल्यापासून सांगत आला होता.

खरं तर यायचं होतं नीलाबाईला, चतुराबाईच्या थोरल्या जावेला. पण त्या साली चिकनगुनियाची साथ घरोघर फिरली आणि नीलाबाईचे सांधे असे धरले की तिला जीपमध्ये चढवेना. "बाईमाणसाच्या हातानं उघडून बघितल्याबिगर घेऊ नको," म्हणत तिनेच चतुराबाईला धाडलं. नीलाबाईचा नवरा व्यंकटराव आणि चतुराबाईचा संतराम, दोघा भावांनी मिळून हिंगोलीत घर बांधायला काढलं होतं. त्यातलं स्वयंपाकघर मात्र दोघी जावांचं, असं घरात सगळेच म्हणायचे. एकोणीस वर्षं दोघींनी एका चुलीवर रांधलं होतं. वर उघडणारं दार नीलाबाईने नांदेडला भावाच्या घरी बघितलं होतं. "बाजूला उघडलं की एकीच्या डोक्याला लागतं, चतुरे. हे वर जातं. दोघी शेजारी उभ्या राह्यलो तरी तकलीफ न्हाई."

"कपाट किती उंच बसणार?" गोपीचंदने मुंजाजीला विचारलं. "दार वर गेलं की हात पुरला पाहिजे. नाहीतर बंद कोण करणार?"

"माप हाय माझ्याजवळ, शेट. तुमी पंप द्या."

"अरे, बहनजी समोर आहेत. बघून घे ना एकदा."

मुंजाजीला टेप काढावाच लागला. त्याने दुकानाच्या खांबावर पेन्सिलीने दोन खुणा केल्या. कपाटाचा तळ इथे, उघडं दार तिथे.

चतुराबाई खांबाजवळ गेली. ओट्याशी कोण चपला घालून उभं राहतं, म्हणून तिने चपला काढल्या आणि हात वर केला. वरची खूण वीतभर लांब राहिली. तिने टाचा उचलल्या. तरी चार बोटं उरली.

"माप चुकलं का रे?"

मुंजाजी टेप गुंडाळत राहिला.

"नीलाअक्का उंच हायत, त्यांचंच धरलं असशील. दोघींच्या मधलं काढ की."

"मोठ्या बाईंनी एकीचंच घ्यायला सांगितलं."

"काहून?"

दुसरं गिऱ्हाईक आलं म्हणून गोपीचंद तिकडे वळला. मुंजाजीने आवाज खाली आणला.

"माझं नाव घेऊ नका, वहिनी. तुमी गावाकडंच राहणार हाय. वावराकडं कोणीतरी पायजे ना. दिवाळी झाल्यावर तुमाला सांगायचं ठरलंय."

चतुराबाईचा हात अजून खांबावरच होता. तो तिने खाली घेतला.

"आन माझी प्रियंका?"

"पोरगी हिंगोलीलाच राहील. शाळेसाठी."

"माप घेतलं तवा तिचे बाबा कुठं होते?"

मुंजाजीने रस्त्याकडे बघितलं.

"टेपचं दुसरं टोक संतरामभाऊनंच धरलं होतं."

ती चपला घालायला गेली. डाव्या पायाची चप्पल काही केल्या पायात जाईना. शेवटी ती स्टुलावर बसली, वाकून तिने पट्टा बोटाने सरळ केला आणि तशीच वाकून राहिली.

"पंप ऐंशीच्या जोराचा देऊ की शंभराच्या?" गोपीचंद परत आला. "शंभराचा एकदम टाईट. दार कधी खाली येणार नाही."

"मागून येतो, शेट," मुंजाजी घाईने म्हणाला. "चला, वहिनी."

"थांब."

ती उठली. शंभराचे पंप लावलेलं दार तिने ओढून बघितलं. दोन्ही हातांचा जोर लागला. मग तिने ऐंशीचं ओढलं. ते एका हाताने आलं. तिने ते पुन्हा वर जाऊ दिलं, खाली तळहात धरला आणि वाट बघितली. दार खाली आलं नाही.

"हेच द्या. सांधे धरलेल्या माणसाला ते दुसरं ओढायचं न्हाई. आन हे पोरीच्या डोक्यावर बी पडायचं न्हाई."

घरी आली तेव्हा ऊन ओसरीवरून उतरत होतं. संतराम खांबाला टेकून बसला होता.

"मिळाले का?"

तिने त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि आत गेली. हातपाय धुऊन वाटीत तेल तापवलं. साथ आल्यापासून रोज या वेळी ती नीलाबाईच्या गुडघ्यांना तेल लावत असे. आजही ती बाजेच्या कडेला बसली.

"कसे हायत गं पंप?" नीलाबाईने विचारलं. "निवडायला जमले का बराबर?"

"जमले. हलके बघून घेतले. तुमच्या एकटीच्या हाताला झेपतील असे."

हाताखालचा गुडघा ताठ झाला. ओसरीवर तांब्या खाली ठेवल्याचा आवाज झाला. चतुराबाई चोळत राहिली, वरून खाली, रोजच्यासारखीच.

"मुंजाजी काही बोलला का?" नीलाबाई म्हणाली.

"न्हाई. म्या हात वर करून बघितला."

नीलाबाईने तोंड भिंतीकडे फिरवलं. "चतुरे, आमी तुला सांगणारच होतो..."

चतुराबाईने वाटीतलं तेल पुन्हा तळहातावर घेतलं.

"दुसरा पाय इकडं करा, अक्का."

नीलाबाईने पाय हलवला नाही. चतुराबाई हात पुढे धरून तशीच बसली. तेल तळहातावरच निवत गेलं.