ग्लासातली परीक्षा

उस्ताद घड्याळ बघून भट्टी कधी बंद करायचा नाही. त्याचं घड्याळ कानात होतं. शहरातल्या सगळ्यात जुन्या कॉफी हाउसात त्याने अडतीस वर्षं बिया भाजल्या. दाणे पहिल्यांदा तडतडले की तो कान टवकारायचा, दुसऱ्यांदा तडतडू लागले की एक दाणा उचलून दाताखाली फोडायचा आणि मान हलवायचा. मान हलली की ड्रम रिकामा. भाजलेला माल पोत्यात भरून तो दळणाच्या खोलीच्या दारात ठेवायचा. आत मालकांच्या घरची माणसं दळायची. नोकरांना त्या दाराच्या आत पाऊल टाकायची मुभा नव्हती. उस्तादालाही नव्हती, आणि त्याला त्याचं कधी काही वाटलं नाही. त्याचं काम भाजायचं. लोक कप खाली ठेवून म्हणायचे, "काय हात आहे." तेवढ्यावर तो दिवसभर ताठ चालायचा.

मग मालक वारले, मुलांनी जागा विकायला काढली आणि कॉफी हाउसला कुलूप लागलं. उस्ताद घरी बसला. घरी बायको चहा करायची.

महिनाभराने पुतणी आली. धाकट्या भावाची मुलगी. ती परगावी कॉफीचं शिकून आली होती आणि एका भागीदाराबरोबर नवं दुकान काढत होती.

"काका, मला भट्टीवाला हवा," ती म्हणाली. "पण आधी तीन आठवडे माझ्याबरोबर फिरा. जुनी दुकानं, नवी दुकानं, सगळी. काय चाललंय ते चाखून बघा."

उस्ताद आतून फुलला. धाकटा जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि त्याआधीची नऊ वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. त्या घरातून कुणी आपल्याला बोलवील, असं त्याला वाटलं नव्हतं. पण त्याने तोंड वाकडंच ठेवलं. "मला काय शिकवणार तुमची नवी दुकानं?"

तरी रोज दुपारी दोघं बसने निघायची. नव्या दुकानांत भिंतीवरच्या फळ्यावर मळ्याचं नाव आणि डोंगराची उंची लिहिलेली असायची. कॉफी करणारा काट्यावर पूड तोलायचा, पाण्यात थर्मामीटर धरायचा, मग थेंबथेंब ओतायचा.

"कॉफी आहे की पेशंट?" उस्ताद विचारायचा.

"प्या तर खरं."

"हे आंबट आहे. कच्चं काढलंय. डोंगराची उंची सांगतात, चव सांगत नाहीत."

"दाण्याची चव अशीच असते, काका."

"अडतीस वर्षं मी काय खडे भाजले?"

जुन्या दुकानांत मात्र तो खुलायचा. मळकट आरसे, जाड काठाचे कप, एका कपावर सगळा पेपर वाचून काढणारी माणसं. बाजारामागच्या एका दुकानात त्याने पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. "हा भट्टीवाला जाणता आहे. माझ्या हाताच्या जवळ येतो." नदीकडच्या दुकानात तसंच. जुन्या न्यायालयासमोरच्या दुकानातही तसंच. पुतणी वहीत काहीतरी टिपून घ्यायची. काय लिहितेस म्हणून त्याने विचारलं, तर वही मिटून म्हणाली, "तुम्हाला काय आवडतं ते."

तीन आठवडे झाले आणि उस्ताद नव्या भट्टीपुढे उभा राहिला. पैज त्यानेच लावली होती: बिया द्या, कॉफी हाउसची चव काढून दाखवतो. काढली तर भट्टी त्याची, आणि वर पाटी लावायची, 'उस्तादांचा हात'. पुतणीने पाटी रंगवूनही आणली होती.

चव येईना. त्याने भाजणी वाढवली, कमी केली, दाणे एक दिवस मुरवले, दोन दिवस मुरवले. कप तोंडाला लावला की पातळ लागायचा. आधी त्याने ड्रमला बोल लावला, मग बियांना, मग पाण्याला. नाचता येईना अंगण वाकडं, असं तोच इतके दिवस दुसऱ्यांना म्हणत आला होता.

एका सकाळी, दुकान उघडायच्या आधी, भागीदाराने टेबलावर सहा कप मांडले. हा तोलूनमापून बोलणारा, भला माणूस होता. "उस्ताद, यातला कुठला तुम्हाला हवा तसा आहे, एवढंच सांगा. म्हणजे आपल्याला कळेल कुठे जायचंय."

उस्तादाने चमच्याने एकेक घोट ओढला. चौथ्या कपाशी थांबला. परत घेतला. त्याच्या चेहऱ्यावरचा महिन्याभराचा ताण उतरला.

"हा माझा."

"नक्की?"

"बाप आपलं पोर ओळखणार नाही होय?"

भागीदाराने बशीखालची चिठ्ठी वाचली. कॉफी हाउस बंद झालं त्या दिवशी पुतणीने तिथला शेवटचा डबा विकत घेतला होता. त्यातलीच पूड.

"सांगितलं नव्हतं?" उस्ताद म्हणाला.

"तुमचीच आहे," भागीदार म्हणाला, "पण नुसती तुमची नाही. बघा." त्याने थंड पाण्याचा ग्लास पुढे ओढला.

"नको," पुतणी म्हणाली. "ते राहू दे."

पण भागीदाराला घरातलं काही ठाऊक नव्हतं. त्याने चिमूटभर पूड पाण्यावर सोडली. थोडी वर तरंगत राहिली. बाकीची तपकिरी रेघा सोडत तळाशी गेली.

"कॉफी तरंगते," तो समजावून सांगू लागला, "चिकोरी मात्र..."

"मला माहीत आहे," उस्ताद म्हणाला.

त्याला माहीत नसून कुणाला असणार? अकरा वर्षांपूर्वी धाकट्याची बसथांब्याजवळ कॉफीची गाडी होती. तो कॉफीत चिकोरी, म्हणजे भाजलेल्या मुळांची स्वस्त पूड, घालायचा आणि विचारलं तर सांगायचाही. कुणीतरी कॉफी हाउसात थट्टा केली, "उस्ताद, भाऊ तुमचं नाव राखतोय हं." उस्ताद तसाच उठला. गाडीपाशी गिऱ्हाइकं उभी असताना त्याने ग्लासभर पाणी घेतलं, धाकट्याच्या डब्यातली चिमूट सोडली आणि ग्लास वर धरला. "बघा. माझा सख्खा भाऊ तुम्हाला झाडाची मुळं पाजतोय."  गिऱ्हाईक तुटलं, वर्षाच्या आत गाडी गेली, आणि मग तो मरेपर्यंत एका गोदामावर पहारा करत राहिला.

उस्ताद बाहेर पडला आणि थेट कॉफी हाउसवर गेला. आत सामान निघत होतं. मालकीणबाई उरलेल्या एकमेव खुर्चीवर बसून हमालांवर लक्ष ठेवत होत्या.

"चिकोरी किती होती?" त्याने उभ्याउभ्याच विचारलं.

त्यांनी वर पाहिलं. आढेवेढे घेतले नाहीत. "तिसरा हिस्सा. तुम्ही लागलात त्याच्या दुसऱ्या वर्षापासून. लोकांना दाट कॉफी लागायची."

"मला सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं नाहीत. अडतीस वर्षांत आपली भाजणी घरी नेऊन एकदा उकळून प्यायला असतात, तरी कळलं असतं. तुम्ही आमच्या काउंटरवरचा कप प्यायचात आणि स्वतःवर खूश व्हायचात."



"तुमच्या भावाला कळलं होतं," त्या म्हणाल्या. "तो गाडीचा प्रकार झाला ना, त्याच आठवड्यात आला होता. आमच्या कॉफीची पुडी हातात. मला वाटलं, आता हा चार लोकांत आमची अब्रू काढणार. तर म्हणाला, बाई, दादाला कळू देऊ नका. त्याच्याजवळ दुसरं काही नाही."

हमालांनी आरसा उचलला. उस्ताद बाजूला सरकला.

दुकानात तो दोन दिवसांनी गेला. पुतणी भट्टी पुसत होती.

"मी ग्लास वर धरला त्या दिवशी तू गाडीपाशी होतीस. बापाचा जेवणाचा डबा घेऊन आली होतीस."

"होते."

"आणि वहीत टिपत होतीस. जिथेजिथे मी डोळे मिटले तिथेतिथे चिकोरी होती."

"होती."

"मग मला बोलावलंस कशाला? सूड उगवायला?"

"सूड उगवायचा असता तर ग्लास मीच धरला असता," ती म्हणाली. "मला भट्टीवाला हवा होता. भाजता तुम्ही चांगलंच. तो ग्लास मी विसरलेले नाही, आणि विसरणारही नाही. दोन्ही तुम्हाला चालत असेल तर उद्यापासून या."

त्याने पाटीकडे पाहिलं. "ती नको."

"ती मी कालच उलटी करून ठेवली."

तो येऊ लागला. आठवड्याभरात जुन्या कॉफी हाउसचे एक वकील दुकान शोधत आले. तिथे वीस वर्षं खिडकीतली खुर्ची त्यांची होती. उस्तादाने स्वतः भाजलेली, स्वतः केलेली कॉफी त्यांच्यापुढे ठेवली. वकिलांनी घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"उस्ताद, वय झालं. हात गेला तुमचा."

"हात तोच आहे, वकीलसाहेब. तिथे तुम्ही चिकोरी पीत होतात. मीही पीत होतो."

वकील हसले. "मालकांना वर जाऊन चार महिने नाही झाले, आणि त्यांच्यावर ढकलता? चिकोरी तुमचा भाऊ घालायचा. तुम्हीच तर दाखवलं होतंत. मी तिथे होतो."

उस्तादाने फळीवरून कॉफी हाउसचा तो शेवटचा डबा काढला. ग्लासभर थंड पाणी आणलं. वकिलांच्या डोळ्यांसमोर चिमूट सोडली. तपकिरी रेघा तळाशी उतरू लागल्या.

"बघा," तो म्हणाला. "ही त्यांची."

वकिलांनी ग्लासाकडे पाहिलं, मग काउंटरमागे उभ्या पुतणीकडे, मग पुन्हा उस्तादाकडे. टोपी उचलली.

"डबा कुणाचाही असेल हो. आत भावाची पूड भरली असणार. भेसळवाल्याच्या मुलीचं दुकान शेवटी." आणि ते गेले.

पुतणीने तो ग्लास उचलला, नळाखाली धरला आणि विसळून इतर ग्लासांत पालथा घातला. उस्ताद भट्टीकडे वळला. दाणे तडतडायला लागले होते.