पारीवर

अनुसयावहिनीला सकाळी शेताच्या धुऱ्यावर साप चावला. जंगलातली गाडीवाट बैलगाडीनं फिरून दोन तासांची, म्हणून आम्ही डोंगा काढला. आमच्या तलावात मधोमध टेकडीची सोंड शिरली आहे. तिथं उतरायचं, पत्र्याचा डोंगा खांद्यावर घेऊन सोंड ओलांडायची, पुन्हा पाण्यात सोडायचा, की समोर पार. पार म्हणजे आमच्याकडे तलावाचा बांध. लामत्याच्या दवाखान्याकडची डांबरी सडक तिथवर येते.

वहिनीचा नवरा महागू, लेक मयुरी आणि शेजारी मी. वहिनीला चालू द्यायचं नव्हतं, म्हणून डोंग्यासकट तिघांनी उचललं.

"जितेपणीच खांद्यावर घेतलं का जी," वहिनी म्हणाली. जीभ जड झाली होती.

"गप राय. बोलल्यानं वजन वाढते," महागू म्हणाला.

फोन फक्त माथ्यावर लागतो. तिथं डोंगा टेकवला. मयुरी बालाघाटला शिकते, हिंदी फर्डी बोलते.

"काका, गाडी कुठं बोलावू?"

"पारीवर सांग."

"भैया, तालाब के पार आना. हौ, पार."

मी मान डोलावली. पार म्हटलं की मला आमचे कीर्तनकार बुवा आठवतात. ‘भवसागर पार’ म्हणताना ते हात वर करतात आणि माझे टाळ आपोआप वाजतात. मला तर तो शुभशकुनच वाटला.

पारीवर गाडी नव्हती. अर्ध्या तासात यायला हवी होती. महागू वहिनीच्या तोंडावर पाणी मारत राहिला. तिच्या पापण्या उचलेनात. मयुरी फोन हातात धरून सडकेनं पळत गेली, तशीच परत आली.

दीड तासानं सायरन ऐकू आला. पाठीमागून. पाण्यापलीकडून, आमच्या गावाच्या काठावरून.

हिंदीत पार म्हणजे पलीकडचा काठ. ड्रायव्हर जंगल फिरून सांगितलं तिथंच गेला होता.

वहिनीचा श्वास तोवर थांबला होता.

"काय सांगतलं होतं तुनं त्याले?" महागूनं लेकीला विचारलं. मयुरीनं हातातल्या फोनकडे पाहिलं.

"मीनं सांगतलं तिले," मी म्हणालो. "शब्द माझा होता, महागूभाऊ."

त्यानं वहिनीला डोंग्यात नीट निजवलं, पदर सारखा केला. सोंडेवर पुन्हा तिघांनी उचललं. महागू पुढं होता.

"भाऊ," चढावर तो मागं न पाहता म्हणाला, "तुमचे बुवा पार म्हणतात, तो कोनता?"

माझ्या खांद्यावर वहिनी होती.