जास्तीचे आठ टेकू

शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५, सकाळचे आठ वाजून दहा मिनिटे. मस्कतच्या बौशर भागातल्या एका हॉटेलच्या सभागृहात धनंजय साळवी यांनी शहाण्णवावा आणि शेवटचा बोल्ट आवळला आणि कुस्तीच्या रिंगवर लेव्हल ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध. रत्नागिरीच्या तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन ते मस्कतला आले, त्याला एकतीस वर्षे झाली. एवढ्या काळात त्यांचे एकही काम तपासणीतून परत आले नव्हते, आणि हे ते न विचारताही सांगत.

"हाथी नचा लो मुजम्मिल, हिलेगा नहीं."

"उस्ताद, हाथी नहीं, जपान की खाला आ रही है," वेल्डर मुजम्मिल म्हणाला.

ही खाला, म्हणजे मावशी, होती कुमिको ओनोदेरा, वय त्रेसष्ट. पंधराव्या वर्षी मासळीच्या कारखान्यातले काम सोडून त्या कुस्तीत उतरल्या, तेव्हा बायकांची कुस्ती म्हणजे थिल्लरपणा समजून लोक संत्र्यांच्या साली फेकत. पहिल्या सतरा कुस्त्या त्या हरल्या. पुढे त्यांनी केवळ बायकांची कुस्ती कंपनी काढली आणि रिंग लादलेला ट्रक स्वतः हाकत गावोगाव फिरल्या. आज संध्याकाळी सातला त्यांची अठ्ठाविसशेवी कुस्ती होती, निरोपाची. डॉक्टरांनी एवढ्या एकाच कुस्तीची परवानगी दिली होती.

साडेआठला हॉटेलच्या गोवेकर व्यवस्थापक फेलिशिया त्यांना घेऊन आल्या. बाईंनी चपला काढल्या, रिंगला वाकून नमस्कार केला, वर चढून टाच आपटली. ठक्!

"कोणी बांधली?" त्यांनी तोडक्या इंग्रजीत विचारले.

धनंजय अभिमानाने पुढे झाले.

"आमच्याकडे रिंग नवशिक्या मुली बांधतात. जी बांधते, ती पहिली आपटते. या. पडा."

"काका, त्या पडा म्हणतायत," फेलिशिया म्हणाल्या.

"कळलं गं मला! पण मी फॅब्रिकेटर आहे, पैलवान नाही."

"पाठीवर. हनुवटी छातीला," बाई शांतपणे म्हणाल्या.

एकसष्टाव्या वर्षी धनंजय साळवी पडले. ठक्!

"आई गं!"

"उस्ताद, पास हुआ क्या?" मुजम्मिलने खालून विचारले.

बाई टॉर्च घेऊन रिंगखाली शिरल्या. तिथे लोखंडाचे आठ टेकू होते. बाईंच्या कंपनीने पाठवलेल्या ड्रॉइंगमध्ये एकही नव्हता.

"ड्रॉइंगप्रमाणे मधला भाग बत्तीस मिलिमीटर वाकत होता," धनंजय कंबर चोळत म्हणाले. "चूक असणार म्हणून टेकू वाढवले. वेल्डही केलेत."

"विचारलंत?"

"मजबूत केलं म्हणून आजवर कोणी भांडलं नव्हतं."

"त्या बत्तीस मिलिमीटरवर मी अठ्ठेचाळीस वर्षं काढली आहेत. ही रिंग नाही, जेवणाचं टेबल आहे. यावर मी लढणार नाही."

"काका, सातशे माणसं येणार आहेत," फेलिशियांनी फोन काढला. "रद्द म्हणून कळवू?"

धनंजय रिंगच्या कडेवर बसले. त्यांना गावच्या वहाळावर ये-जा करायला टाकलेला सुपारीच्या खोडांचा साकव आठवला. दर पावलाला तो लवायचा, आणि त्यावरून शाळेत जाताना कोणाला कधी खरचटलेही नव्हते. पदविका हाती आल्यापासून मात्र लवणारे काहीही त्यांना सदोष वाटू लागले होते.

"कळवू नकोस," ते उठले. "मुजम्मिल, ग्राइंडर लाओ. यल्ला, चलो!"

ठिणग्या उडू लागल्या. बाई स्वतः पाना घेऊन खाली उतरल्या. 'साळवी' हा उच्चार त्यांना जमेना, म्हणून त्या त्यांना सरळ 'नवशिक्या' म्हणू लागल्या. मुजम्मिलने तो शब्द तत्परतेने उचलला.

दुपारी तीन चाळीसला चार जाडजूड माणसे मधोमध उभी करून धनंजयांनी खालून टेप लावली. बत्तीस मिलिमीटर.

"झालं, पास!"

"नाही, नवशिक्या. पडा."

ते पडले. या वेळी धब्ब असा आवाज झाला, आणि ते छताकडे बघत तसेच पडून राहिले.

"काका, लागलं का हो?" फेलिशिया धावल्या.

"नाही गं. थांब जरा, बरं वाटतंय."

सातला कुस्ती सुरू झाली. समोर बाईंचीच शिष्या होती. सातशे माणसे बाईंकडे पाहत होती. पहिल्या रांगेतले धनंजय मात्र कॅनव्हासकडे. तो दर वेळी लवला, की ते श्वास सोडत. एकोणिसाव्या मिनिटाला बाई हरल्या. निरोपाच्या कुस्तीत शिष्येकडून हरून आपली जागा तिला देण्याची त्यांच्याकडे रीतच होती. त्या उठल्या, रिंगला वाकल्या आणि स्वतःच्या पायांनी चालत बाहेर गेल्या.

धनंजयांनी खिशातली वही काढून नोंद केली: तपासणीतून परत आलेली कामे, एक. आपटणे, बाईंचे एकवीस, माझे दोन. मोडलेली हाडे, शून्य.