शेरूच्या गळ्यातली घंटी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटी आहे. चाकूरजवळच्या बेगमबीच्या शेळीच्या गळ्यात माझं बालपण गेलं. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे जमीन हलायच्या आधी मीच वाजले, असं मी सगळ्यांना सांगते. तेव्हा शेळी मान खाजवत होती, तेवढं सांगत नाही.

त्या पहाटे काळविटांचा कळप बिथरून पळाला आणि एक पाडस मागे राहिलं. बेगमबीने ते शेळीच्या दुधावर वाढवलं. नाव ठेवलं शेरू! कळप पावसाळ्यात माळावर असे, थंडीत हरभऱ्याच्या रानात, उन्हाळ्यात नदीकडे. शेरूने कळपात जावं, पण तो कुठे आहे ते आपल्याला कळावं, म्हणून तिने मला त्याच्या गळ्यात बांधलं.

पण शेरू जवळ गेला की कळप पळे.

“माणसाचा वास लागलाय त्याला, भाभी,” शेजारचे महादेवप्पा म्हणाले. “आता दाढी येऊ द्या, बोकडात खपंल.”

बेगमबी हसली नाही. एकटं हरीण म्हणजे कुत्र्यांचा घास, हे तिला ठाऊक होतं.

एकदा शेरू ओढ्यावर पाणी प्यायला वाकला आणि माझ्या पोटात चिखल भरला. मी मुकी झाले. त्या दिवशी कळप पळाला नाही. शेरू त्यांच्यात चरू लागला. बेगमबी बांधावरून बघत होती. दुपारी चिखल वाळून गळाला, मी वाजले आणि कळप पुन्हा उधळला.

संध्याकाळी तिने मला शेरूच्या गळ्यातून सोडलं.

“मग तो कुठं हाय, कसं कळंल?” महादेवप्पांनी विचारलं.

“न्हाई कळायचं,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शेरू कळपाबरोबर गेला. मी खुंटीवर आले.

पुढे लातुरात शिकवण्या वाढल्या. दर जूनला पोरांचे कळप पाठीवर दप्तरं घेऊन तिकडे निघत. यंदा बेगमबीची नात तूबा निघाली. तिचा बाप ताहेर तिच्या मोबाईलमध्ये काहीतरी बसवत होता. पोरगी कुठे जाते, ते घरबसल्या दिसणार होतं. तूबा मान खाली घालून उभी होती.

बेगमबीने मला खुंटीवरून काढलं आणि त्याच्या कानाशी खणखणून वाजवलं.

“अम्मी! काय करायलीस?”

“बघते, पळतो का.”

ताहेरने माझ्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं आणि मोबाईल काही न बसवताच तिच्या हातात दिला. “पोचल्यावर फोन कर गं,” एवढंच म्हणाला.

मित्रांनो, जीव लावा, पण ज्याला लावाल त्याला माझ्यासारखी घंटी बांधू नका. थंडीत बेगमबी अजून हरभऱ्याच्या बांधावर जाते. शेरूची नातवंडं-पतवंडं असतील तिथे, कोणती ते तिलाही ओळखू येत नाही. पण त्यातलं एक दरवर्षी मान वर करून तिच्याकडे बघतं. मी डोळ्यांनी पाहिलंय, खुंटीवरून.