दिपालीचं अक्षर

"आईनं नाही म्हटलं होतं," वैभवी म्हणाली. शाळेतून आलेला कागद तिनं कामिनीच्या हातात न देता फ्रीजवर ठेवला. "बाबाले दाखवीन मी."

कामिनी नुकतीच बर्डीच्या बाजारातून परतली होती. चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा बसवून तिची मान अवघडली होती. खांद्यावरची पर्स न काढताच तिनं तो कागद उचलला. गोवर-रुबेलाची लस, पुढच्या बुधवारी शाळेतच, आणि खाली पालकांच्या सहीसाठी जागा. कसली लस आहे ते पुरतं वाचायच्या आधीच तिला सही करावीशी वाटली. दिपाली नाही म्हणाली होती, एवढंच कारण तेव्हा तिला पुरेसं होतं.

दिपाली ही जितेंद्रची पहिली बायको. पाच वर्षांपूर्वी काविळीनं गेली. तिच्यानंतर दोन वर्षांनी कामिनी मनीषनगरच्या या दोन खोल्यांत लग्न करून आली, तेव्हा वैभवी सात वर्षांची होती आणि ऋषी चार. आता दहा आणि सात. मुलं तिला मावशी म्हणत. तिला स्वतःचं मूल व्हावं असं वाटलं होतं, पण "दोन आहेत ना आपल्याले," असं जितेंद्र म्हणाला आणि तो विषय तिथंच मिटला.

घरातलं सगळं आधीच ठरलेलं होतं. मिठाची बरणी कुठल्या फळीवर, वरणात गूळ किती, ऋषीचे केस कोणाकडे कापायचे. कामिनीनं एकदा पडदे बदलले, तर वैभवी दोन दिवस जेवताना तिच्याशी बोलली नाही. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. जिवंत सवत असती तर निदान तिचं काहीतरी चुकलं असतं, असं कामिनीच्या मनात यायचं, आणि मग तिला स्वतःचीच लाज वाटायची.

रात्रीची जेवणं झाल्यावर जितेंद्रनं कागद वाचला. तो मौद्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला होता. पहाटेच्या बसनं जायचा, त्यामुळे आठ वाजताच त्याचे डोळे मिटायला लागत. पण त्यानं उठून कपाट उघडलं आणि वैभवीचं लसीकरणाचं पिवळं कार्ड काढून कामिनीपुढे ठेवलं.

"हे वाच. नवव्या महिन्यात गोवराचं इंजेक्शन देल्लं अन् पोरगी आकडली. तेव्हाच दिपालीनं ठरवलं, आता एकही नाही. ऋषीलेही नाही."

"त्याले गोवर झाला तं?" कामिनी म्हणाली. "मागच्या गल्लीत दोन पोरांले निघाला. एक मेडिकलच्या दवाखान्यात भरती आहे म्हणतात."

"तू काहून एवढी मागं लागली?"

"मले काळजी नसंन का?"

"काळजी आहे, का तिचा शब्द मोडाचा आहे?"

त्याचं निम्मं तरी खरं होतं, हे कामिनीला ठाऊक होतं. जितेंद्रनं कागद घडी करून तिच्याकडे सरकवला. "मी सही नाही करत. तुले कराची तं कर," असं म्हणून तो झोपायला गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत कामिनी दोन्ही कार्डं घेऊन महापालिकेच्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी वैभवीचं कार्ड उलटून मागची बाजू वाचायला घेतली. दिपालीचं अक्षर गोल, सरळ ओळीतलं होतं. कामिनीनं ते आदल्या रात्री नीट वाचलंच नव्हतं. फक्त अक्षर किती चांगलं आहे तेवढं पाहून तिनं कार्ड मिटलं होतं.

"हे कोणी लिहिलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मीच," कामिनी म्हणाली. कसं म्हणाली ते तिलाही कळलं नाही.

"फार छान नोंद ठेवलीत हो. इंजेक्शननंतर आठव्या दिवशी ताप, एकशे तीन. दुपारी दोन दहाला झटका, दोन तेराला थांबला. अर्ध्या तासानं दूध प्यायली, खेळली. पुन्हा आला नाही. असं कोणी लिहून आणत नाही. आया नुसतं सांगतात, पोर आकडलं म्हणून. मग आम्हाला काही कळतच नाही." त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं. "यावरून तरी तो तापातला झटका दिसतोय. लहान मुलांना येतो, मोठेपणी सहसा येत नाही. त्यानंतर कधी काही?"

"नाही."

"मग द्यायला हरकत नाही. शाळेतल्या शिबिरातही मी असेन, तेव्हा तपासूनच देऊ. ताप येऊ शकतो, आठवड्याभरानं वगैरे. औषध लिहून देते." मग त्यांनी ऋषीचं कार्ड उघडलं. जन्माच्या वेळच्या दोन नोंदी, पुढे सगळं कोरं. "याला मात्र काहीच दिलेलं नाही. एवढ्या जागरूक आई तुम्ही, आणि हे कसं राहिलं?"

आता उत्तर दिपालीच्या वतीनं द्यायला हवं होतं.

"मी घाबरली होती," कामिनी म्हणाली.

"साहजिक आहे."

"घरात एकटी होती मी. हे ड्युटीवर." ती थांबली. तीन मिनिटं, तिच्या मनात आलं. नऊ महिन्यांचं पोर हातात लाकडासारखं झालेलं, आणि ही बाई घड्याळाकडे बघते आहे. आपण पाहिलं असतं का घड्याळ? आपण ओरडत जिन्यात पळत सुटलो असतो. कामिनीला रडू आलं. डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि "होतं असं, त्यात तुमचा दोष नाही," असं त्या समजुतीनं म्हणाल्या. ती समजूतही खरं तर दिपालीसाठीच होती.

संध्याकाळी ती घरी परतताना एकच विचार करत होती. सही आपणही करू शकतो. डॉक्टर हो म्हणाल्या, एवढंच सांगितलं तरी चालेल. मग या घरातली पहिली गोष्ट अशी होईल की दिपाली चुकली आणि कामिनी बरोबर ठरली. पण जितेंद्र मनापासून तयार झाला नाही, तर वैभवी हात पुढे करणार नाही. रडून शाळा डोक्यावर घेईल, आणि तिचं बघून ऋषीही. आणि बाप जर तयार व्हायचा, तर एकाच माणसाच्या शब्दावर होणार होता.

जितेंद्र चहा पीत बसला होता. कामिनीनं कार्ड त्याच्यापुढे ठेवलं.

"डॉक्टरबाई काय म्हणाल्या माहीत आहे? हे लिवलं नसतं तं त्याईले काही सांगताच आलं नसतं. असं कोणतीच आई लिवून ठेवत नाही म्हणाल्या. दिपालीताईनं टाइम लिवला म्हणून समजलं का तो तापाचाच झटका होता. आता देता येते."

जितेंद्रनं कार्ड हातात घेतलं. बराच वेळ तो त्या ओळींवरून बोट फिरवत राहिला. आपल्याशी बोलताना त्याचा चेहरा इतका मऊ झालेला कामिनीनं कधी पाहिला नव्हता.

"तिनंच सांगून ठेवलं म्हणजे," तो म्हणाला.

"हाव," कामिनी म्हणाली.

त्यानं वैभवीला बोलावून शेजारी बसवलं आणि तिच्या आईचं अक्षर दाखवून सगळं समजावलं. मग त्यानं पेन मागितलं आणि वैभवीच्या आणि ऋषीच्याही कागदावर स्वतः सही केली. कामिनीनं पेनाचं टोपण लावून ते दप्तरात ठेवलं.

बुधवारी डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही तपासलं. वैभवीनं डोळे घट्ट मिटून इंजेक्शन घेतलं. ऋषीनं घेतल्यावर वर्गभर फिरून दंड दाखवला. राहिलेल्या बाकीच्या लसींसाठी त्याला पुढच्या महिन्यात दवाखान्यात आणायचं ठरलं.

आठव्या दिवशी सकाळीच वैभवीला ताप भरला. कामिनीनं दुकानात फोन करून सुट्टी सांगितली. औषध दिलं, अंग पुसलं आणि पलंगाशेजारी बसून ती तिच्या हातापायांकडे एकटक बघत राहिली. आता झटका आला तर सगळे म्हणतील, दिपालीचंच खरं होतं. मुलीला काही होईल या काळजीच्याही आधी ही भीती तिच्या मनात आली, आणि ते लक्षात येताच तिनं स्वतःच्याच हाताला चिमटा काढला.

"आई," वैभवी डोळे न उघडता म्हणाली. पुन्हा म्हणाली. ती कोणाला हाक मारते आहे हे कामिनीला ठाऊक होतं. तिनं ओ दिली नाही. फक्त कपाळावरची पट्टी बदलली.

पाचच्या सुमाराला घाम फुटला. ताप उतरला तसं वैभवी उठून बसली आणि तिनं पोहे मागितले. झटका आला नाही. कामिनीनं थर्मामीटर धुऊन डबीत घातलं.

दुसऱ्या दिवशी जितेंद्रला साप्ताहिक सुट्टी होती. सकाळी कन्हानहून अंजनाबाईंचा, म्हणजे दिपालीच्या आईचा फोन आला. कामिनी ओट्यापाशी वांग्याची भाजी परतत होती. जितेंद्र पलंगावर बसून मोठ्यानं बोलत होता.

"काही नाही झालं, आई. साधा ताप. अवं, तुमच्या पोरीनंच सगळं लिवून ठेवलं होतं नं. टाइम, ताप, सगळं. डॉक्टर बी चाट पडली. गेल्यावरही पोराईची काळजी घेऊन राहिली ती."

पलीकडून अंजनाबाईंचं रडणं ऐकू येत होतं. मग जितेंद्रनं फोन आणून कामिनीच्या कानाला लावला.

"कामिनी, तूच सांग वं माय," अंजनाबाई म्हणाल्या, "खरंच डॉक्टर असं म्हणाली का माह्या दिपालीबद्दल?"

कामिनीनं कालथा खाली ठेवला.

"हाव आई," ती म्हणाली. "त्याईच्यानंच झालं सारं."

मग भाजी खाली लागू नये म्हणून तिनं गॅस बारीक केला, आणि त्यांचं बोलून होईपर्यंत फोन कानाशी धरून उभी राहिली.